दोघांपुरती गाडी

सॅन्टन तुस्कानोला कोणाला नाही म्हणता येत नसे, आणि या गोष्टीचं अख्ख्या भुईगावाला कौतुक होतं. एक त्याची बायको सोडून.

दारात कोणी येऊन विचारावं, "सॅन्टनदादा, उद्या जरा गाडी मिळंल काय?" आणि याने हातातलं काम खाली ठेवून म्हणावं, "बघतो." इतर माणसं असं म्हणाली की समोरचा काय ते समजतो आणि दुसरं दार धरतो. सॅन्टन म्हणाला की समोरचा वेळ सांगून मोकळा होतो. मग सॅन्टन केळीची बाग, पानवेली, घरची कामं सगळं टाकून त्या वेळेला गाडी पुसून उभा.

आधी त्याच्याकडे एक जीप होती, मग आठ जणांची मोठी गाडी आली. नाव तुस्कानोंचं, पेट्रोल तुस्कानोंचं आणि आत बसलेली आळी. त्या गाडीतून नवऱ्या चर्चला गेल्या, बाळंतिणी घरी आल्या, नाताळच्या गोठ्याचे बांबू आले आणि दोनदा वेलंकणीची यात्रा झाली. यात्रेत पुढची सीट सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला, मधली त्याच्या नातेवाइकांना आणि गाडीच्या मालकिणीला, म्हणजे फेलिशियाला, अगदी मागे मांडीवर डब्यांची पिशवी घेऊन जागा.

फेलिशिया काही माणूसघाणी नव्हती. हायस्कुलात तिने सगळी हयात गणित शिकवण्यात घालवली. गाव तिला टीचर म्हणायचं आणि घाबरला की नवराही. माणसं तिलाही आवडत. पण लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दोघांनी महाबळेश्वरला जायचं ठरवलं, आणि निघेपर्यंत गाडीत नऊ जण झाले. आळीतल्या लुसीमावशीला परक्या जागी एकटीने झोपायची भीती वाटते, म्हणून त्या रात्री फेलिशियाच्या शेजारी लुसीमावशी घोरत पडली आणि सॅन्टन पलीकडे पुरुषांच्या खोलीत पत्ते खेळत बसला. फेलिशिया तेव्हा काही बोलली नाही. ती विसरलीही नाही.

मग ती शाळेतून निवृत्त झाली, त्याच वर्षी जुनी गाडी भंगारात गेली, आणि एका दुपारी जेवताना तिने जाहीर केलं, "आता गाडी मी घेणार. दोघांची."

"दोघांची म्हणजे?" मुलगा मेलरॉय म्हणाला.

"माझी आणि तुझ्या बापाची. आत झोपायचं, मागचं दार उघडून स्वयंपाक करायचा, एखाद्या तळ्याच्या काठी चार दिवस राहायचं. हॉटेल नाही, खोल्या नाहीत, पुरुष इकडे आणि बायका तिकडे असला प्रकार नाही."

सून नताशा पटकन म्हणाली, "मम्मी, मस्त. घर आम्ही बघतो. जा तुम्ही."

सॅन्टनने कालवणातून हात काढून विचारलं, "मागं कोण बसणार?"

"कोणी नाही."

"कोणीच नाय?"

त्याच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती. रिकामी सीट घेऊन गाडी रस्त्याने जाते हे चित्रच त्याच्या डोळ्यांसमोर येईना. फेलिशियाला मात्र आपल्याला काय हवंय ते अगदी स्पष्ट माहीत होतं. तिला नवरा हवा होता. चौतीस वर्षं जो आळीशी वाटून घेतला, तो चार दिवस तरी सबंध हवा होता. तिला त्याच्याशी बोलायचं होतं, आणि मध्ये कोणी फाटक वाजवायला नको होतं. गुडघे धड आहेत आणि दोघं आहेत तोवर हे झालं नाही तर कधीच होणार नाही, हेही ती मनातल्या मनात ओळखून होती.

एव्हरशाईन सिटीच्या अलीकडे गाड्यांचं एक मोठं शोरूम आहे. तिथल्या टाय बांधलेल्या पोराने अदबीने विचारलं, "मॅडम, फॅमिली किती मोठी?"

"आळी धरून?" सॅन्टनने विचारलं.

"दोन माणसं," फेलिशिया म्हणाली, आणि तिने पर्समधून शिवणाच्या मशीनवरची टेप काढली.

मेलरॉयला आवडली होती ती उंच, मोठ्या चाकांची, वरून काच उघडणारी गाडी. फेलिशियाने तिची मागची सीट पाडायला लावली, आत हात फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "इथे झोपलं तर डोकं डोंगरावर आणि पाय दरीत." दुसरी सात सीटर. ती सॅन्टनची लाडकी. तो तिच्या तिन्ही रांगांत बसून आला होता आणि मागच्या रांगेत चौथा माणूस कसा मावेल ते त्या पोराला समजावून सांगत होता. फेलिशिया आत मांडी घालून बसली तर डोकं छताला टेकलं. "हिच्यात बसून केससुद्धा विंचरता येणार नाहीत," ती म्हणाली, आणि तीही गेली.

कोपऱ्यात एक चौकोनी व्हॅन उभी होती. सरकतं दार, सपाट तळ, उंच छत आणि रूपाच्या नावाने शून्य. पोरगा म्हणाला, "मॅडम, ही तुमच्या टाइपची नाही. ही शाळेची मुलं आणि भाजी न्यायला घेतात."

"मी पस्तीस वर्षं शाळेच्या मुलांमध्येच काढली," असं म्हणून फेलिशियाने चपला काढल्या, साडी सावरली, सीट पाडलेल्या जागी चढली आणि सरळ आडवी झाली. पोरगा दुसरीकडे बघायला लागला.

"सॅन्टन, ये."

"इथं? लोक बघतात गो."

"बघू देत. ये."

सॅन्टन आला. तो उंच माणूस. टाचा दाराला टेकतील असं वाटलं होतं, पण पाय पुरे सरळ होऊन वर वीतभर जागा उरली. दोघं शेजारी शेजारी पडून गाडीचं पांढरं छत बघत राहिली. दिवसाढवळ्या असं निवांत शेजारी पडायची वेळ किती वर्षांनी आली ते फेलिशियाला आठवेना, आणि तिला एकदम लहान मुलीसारखा आनंद झाला.

"हीच," ती म्हणाली.

सीट काढून त्या जागी पलंग बसवायचा म्हणजे गाडीत बदल आला, आणि बदल म्हटला की आरटीओची मंजुरी आली. विरारला खेपा घालून टीचरने तेही रीतसर उरकलं. मग राहिलं सामान बसवायचं काम. त्यासाठी मेलरॉयने फोनवर कुठले कुठले कारखाने शोधून ठेवले होते. फेलिशियाने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि गाडी पाचूबंदरला नेली.

पाचूबंदरचा विकी होड्यांच्या केबिनी बांधतो. गळ्यात जाड साखळी, खिशात दोन फोन, आणि तो वेळ देईल तेव्हाच जायचं. पण तिचा हिशोब सरळ होता. झोपणं, रांधणं, पिण्याचं पाणी, सगळं चार हात जागेत बसवायचं आणि गाडी हलली तरी काही सांडता कामा नये, हे काम ज्याला रोजचं आहे त्यालाच द्यावं. तिने मापं घालून काढलेला नकाशा विकीपुढे ठेवला.

विकीने तो नीट बघितला. "टीचर, मानसं किती?"

"दोन."

"आनि बाकीची?"

"बाकीची घरी."

विकीने कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. "दोन मानसांची होडीसुदा आमी बांदत नाय. जाळं ओडायला कोन?"

"जाळं ओढायचं नाहीये. चहा प्यायचाय."

विकी हसला आणि कामाला लागला. पलंग, त्याच्या खाली कपड्यांचे आणि भांड्यांचे खण. मागचं दार उघडलं की बाहेर ओढून घ्यायचा ओटा, त्यावर शेगडी. बाजूला पाण्याचा कॅन आणि त्याला छोटा नळ. खिडक्यांना डासांची जाळी. पडदे नताशाने घरी शिवले. फेलिशियाकडे दहावीची मुलं सकाळ-संध्याकाळ शिकवणीला यायची, त्यामुळे देखरेखीला रोज सॅन्टन जाऊ लागला. येताना तो मासळी आणायचा आणि जेवताना शीळ घालायचा. हा माणूस इतका खूश का, असा संशय तिला तेव्हाच यायला हवा होता.

गाडी तयार झाल्याचा निरोप आला तशी दोघं मिळून पाचूबंदरला गेली. जेट्टीवर मासळीचा लिलाव ऐन रंगात आला होता. विकीने एकेक खण उघडून दाखवला, नळ सोडून दाखवला, ओटा ओढून दाखवला. सगळं तिच्या नकाशाप्रमाणे, उलट तिच्या अपेक्षेपेक्षा देखणं. फेलिशिया समाधानाने मान हलवत होती.

"आनि आता ही गंमत बगा," विकी म्हणाला. त्याने पलंगाच्या मधली खिटी ओढली. पलंग मधोमध दुभंगला, दोन्ही फळ्या बाजूला गेल्या आणि खालून समोरासमोर दोन लांब बाकं बाहेर आली. वर गादी, मागे टेकायला पट्टी. "आट मानसं आरामात. सरकून बसली तर धा. अंकलनी सांगितलंन."

फेलिशियाने वळून पाहिलं. सॅन्टन मोठ्या एकाग्रतेने लिलाव बघत होता.

"सॅन्टन."

"हां टीचर," तो म्हणाला. टीचर म्हणाला, म्हणजे घाबरला होता.

"आरटीओच्या कागदावर पलंग आहे. बाकं नाहीत. हे एक. आणि दुसरं, हे काय आहे?"

"आपली झोपायची सोय तशीच हाय गो. खिटी लावली की पलंग. फक्त कधी गरज पडली तर..."

"गरज पडणार. रोज पडणार. तुझ्या गाडीत जागा आहे म्हटल्यावर गरज पडायची कधी थांबलीय?"

"पन रिकामी गाडी घेऊन जायाचं, आनि वाटेत आपला माणूस उन्हात उभा दिसला तर? मला नाय बघवत. खरंच नाय बघवत."

तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. लिलावाचा गलका चालू होता, त्यामुळे फेलिशियाला आवाज चढवूनच बोलावं लागलं, आणि जे ती घरात कधी बोलली नव्हती ते तिने जेट्टीवर उभं राहून सांगितलं.

"सॅन्टन, मला गाडी नकोय. मला तू हवायस. घरी मी तुला काही सांगायला लागते, तोवर फाटक वाजतं. तू चांगला आहेस म्हणून लोक येतात, कळतं मला. म्हणूनच तर मी तुझ्याशी लग्न केलं. पण त्या चांगुलपणात माझ्या वाट्याला किती आलं, ते एकदा मोज. ती जागा रिकामी नाहीये. तिथे आपण दोघं आहोत."

सॅन्टनने पायातल्या चपलेकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग पुन्हा चपलेकडे.

विकीने घसा खाकरला. "टीचर, मग बाकं काडू काय?"

"काढ. आणि पलंग पक्का ठोक. खिटीबिटी काही नको."

बाकं इतकी छान झाली होती की टाकवेनात. सॅन्टनने ती घरी आणून अंगणात जांभळाखाली मांडली, आणि दुसऱ्याच दिवसापासून तिथे बसणारे वाढले.

रविवारी मिस्सा झाल्यावर फादरांनी चर्चच्या आवारात गाडीला आशीर्वाद दिला, चारी बाजूंनी पवित्र पाणी शिंपडलं. मग आळीची माणसं आत डोकावायला लागली. जो तो विचारी, "पन बसायचं कुठं?" लुसीमावशी वर चढून पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, "असं झोपून झोपून जायाचं? बरं नाय दिसत." एवढं बोलून तिचा डोळा लागला. तिला उठवून खाली उतरवायला दोन माणसं लागली.

फेलिशिया मनात खूश होती. जे सॅन्टनच्या तोंडून निघत नाही ते आता गाडीच परस्पर सांगेल, अशी तिची पक्की खात्री होती. बसायला जागाच नाही तर मागणार काय? आणि खरंच, पुढे बरेच दिवस फाटकाशी गाडीसाठी कोणी आलं नाही.

मग आळीतल्या फ्लॉसीची सासू न्हाणीघरात घसरून पडली. तिला आडवी झोपवून इस्पितळातून आणायची होती. फ्लॉसी रडत आली, आणि या वेळी सॅन्टनच्या आधी फेलिशियाच उठली. म्हातारीला तिने स्वतः गाडी चालवून, खड्डे चुकवत चुकवत घरी आणलं. असल्या वेळी नाही म्हणणारी ती नव्हती, आणि त्याचं तिला दुःखही नव्हतं.

पण आळीला शोध लागला. बसायला जागा नाही म्हणून जे थांबले होते ते, आडवं ठेवायला जागा आहे म्हणून पुन्हा सुरू झाले. अँजेलिनाच्या मुलीच्या लग्नाचा झगा चुरगळू नये म्हणून पलंगावर पसरून चर्चला गेला. त्याचे मणी पुढे कितीतरी दिवस चादरीत टोचत होते. कोणाचा चार मजली केक आला आणि पडद्यांना क्रीम लागलं. कोणाचा मोठा आरसा गेला. प्रत्येक वेळी सॅन्टन फाटकाशी उभा राहून म्हणे, "बघतो," आणि प्रत्येक वेळी फेलिशिया पडदे काढून धुवायला टाकी.

पडदे धुताधुता तिला आपली चूक कळली. जगातली कुठलीही गाडी हे काम करणार नव्हती. ते सॅन्टनच्या तोंडूनच यायला हवं होतं.

तरी तिने आपल्याकडून वाट सोपी करून ठेवली. ईस्टरनंतर लग्नसराई सुरू होते, तेव्हा जाणं अशक्य. नाताळच्या आसपास अशक्य. तिने निवडला तो उपवासकाळ. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमच्याकडे लग्न नाही, बारसं नाही, केक नाही, झगा नाही. हवा कोरडी, रात्री गार.

"उपवासकाळात सहल?" सॅन्टन हादरलाच. "लोक काय बोलतील?"

"शुक्रवारी मटण खाणार नाही. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करू. तळ्याच्या काठी देव नसतो असं कुठल्या फादरनी सांगितलंय?"

भंडारदऱ्याच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या जागेत, पाण्याच्या काठाशी गाडी लावायचं ठरलं. गुरुवारी सकाळी निघायचं. आदल्या दिवशी फेलिशियाने त्याला समोर बसवून शांतपणे सांगितलं, "मी तुला ओढणार नाही आणि कोणाशी भांडणारही नाही. तू आलास तर मला खूप आनंद होईल. नाही आलास तर मी एकटी जाईन. पण मी जाणार."

गुरुवारी सकाळी सगळं गाडीत चढलं. तांदूळ, सुकट, कांदे, घरची केळी, चहाची भांडी, जाड गोधडी. मेलरॉयने टायरमधली हवा बघितली. नताशाने चटणीची बाटली कपड्यांत गुंडाळून दिली. जांभळाखालच्या बाकांवर आळीतले चार-पाच जण निरोप द्यायला म्हणून आधीच येऊन बसले होते. फेलिशिया चालकाच्या जागेवर बसली, तिने आरसा नीट केला, आणि त्या आरशात तिला फाटकातून आत येणारी कार्मिन दिसली.

कार्मिन म्हणजे चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख. भली बाई, आणि तिने मागितलेलं कोणी आजवर मोडलं नव्हतं.

"बरं झालं सॅन्टनदादा, घरीच सापडलास," ती म्हणाली. "पदयात्रा अलीकडे आली. पोरांच्या परीक्षा हायत ना, म्हणून पुढच्या आठवड्याची उद्याच काढायची ठरलं. काल सांजचं ठरलं बघ. तू तर हायसच पाण्याला. आनि यंदा ही गाडी म्हणजे देवानंच दिली. कोणाला चक्कर आली, कोणाचे पाय गेले, तर टाकायचं पलंगावर. पहाटे चारला चर्चजवळ ये."

दरवर्षी उपवासकाळात भुईगावची माणसं बांद्र्याच्या माउलीच्या चर्चपर्यंत चालत जात, आणि दरवर्षी त्यांच्या मागून पाण्याचे कॅन घेऊन सॅन्टनची गाडी जाई. सगळे त्याला वाटेत आशीर्वाद देत. वर्षातले त्याचे सगळ्यात आवडते दोन दिवस ते.

फेलिशिया गाडीतून उतरली नाही. केक असता तर ती बोलली असती. झगा असता तर हसून टोलवलं असतं. पण देवाच्या कामाला चाललेल्या माणसांच्या आड कोण येणार? तिने किल्लीवर हात ठेवला. आपण एकटीने जायचं हे तिचं ठरलेलं होतं आणि ती गेलीही असती. गाडी चालवायची तिला भीती नव्हती, राहायची भीती नव्हती. फक्त शेजारची ती मोकळी सीट आता तिच्याच्याने बघवेना.

सॅन्टन डोकं खाजवत उभा होता. बाकांवरची माणसं त्याच्याकडे बघत होती. इतका वेळ तो कधी थांबत नसे.

"नाय जमणार, कार्मिन," तो म्हणाला.

कार्मिनला ते पोचलंच नाही. "चारला नाय तर पाचला ये. पन पाणी घेऊन..."

"पाचला पन नाय. गाडी नाय आनि मी पन नाय."

"का? कोणी आजारी हाय काय?"

फेलिशियाने आरशात त्याचा चेहरा पाहिला. वाट किती सोपी होती ते त्याच्या ध्यानात आलं होतं. नुसतं हो म्हणायचं, फेलिशियाला बरं नाही म्हणायचं. कार्मिन हळहळली असती, सगळ्या पदयात्रेने वाटेत टीचरसाठी माळ जपली असती, आणि कोणी रागावलं नसतं.

"नाय," सॅन्टन म्हणाला. "सगळी बरी हायत. मी बायकोबरोबर फिरायला चाललोय."

"फिरायला? उपवासकाळात?"

"हां."

"पदयात्रा सोडून?"

"हां."

"आनि कोण कोण चाललंय?"

"कोणी नाय. आमी दोघंच."

जांभळाखाली कोणीतरी खोकलं. मेलरॉय आणि नताशा दारात जागच्या जागी उभे होते. कार्मिनने खांद्यावरचा पदर घट्ट केला. "बरं," ती म्हणाली. "तुला आता आमची गरज नाय म्हणायची." आणि ती फाटकाकडे वळली. असलं बोलणं सॅन्टनने आयुष्यात कोणाकडून ऐकलं नव्हतं. तो वळला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

तो गाडीत येऊन बसला. दार नीट लागेना, दोनदा ओढलं तेव्हा लागलं.

"चालव," तो म्हणाला.

"सॅन्टन..."

"चालव लवकर. ती अजून फाटकातच हाय. परत विचारलंन तर मी हो म्हणीन."

फेलिशियाने किल्ली फिरवली. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि कार्मिनच्या बाजूने आळीच्या वळणाकडे निघाली. आरशात तिला दिसलं की कार्मिन थांबलीय आणि तिने हात वर केलाय.

"हाक मारते काय ती?" सॅन्टनने विचारलं. तो समोर बघत होता, मान रेसभरही न वळवता.

"हो."

"मग थांबू नको."

वळणावरच्या गतिरोधकावरून तिने गाडी तशीच उडवली. मागे भांडी खणखणली, पण एकही खण उघडला नाही. विकीचं काम चोख होतं.

स्टेशन मागे पडलं, हायवे ओलांडून झाला. कामणला गोदामांजवळ कंटेनरची लांब रांग लागली होती आणि तिथे गाडी थांबवावीच लागली. सॅन्टनने मान खाली घातली होती. त्याचे मोठाले हात गुडघ्यांवर पडले होते, हातात घ्यायला कोणाचं काही सामान नाही, कोणाला धरून बसवायचं नाही.

"तुला वाईट वाटतंय ना?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला. "लय वाईट वाटतंय. उद्या ते चालतील आनि मागं मी नसणार." त्याने नाक पुसलं. "तरी तू चल."

तेव्हा फेलिशियाला रडू आलं. चौतीस वर्षांत तो तिला पहिल्यांदाच अख्खा मिळाला होता, त्याच्या वाईट वाटण्यासकट. रांग पुढे सरकली तसा मागच्या ट्रकने हॉर्न दिला. तिने पदराने डोळे पुसले, गाडी गिअरमध्ये टाकली आणि भिवंडीच्या दिशेने काढली.